ब्रुकलँड्सच्या काँक्रीटवर : जुन्या शर्यतीच्या गाड्या पाहण्यासाठी केलेला एक प्रवास

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली जलद गाडी साधारण अर्ध्या तासात वेब्रिजला पोहोचते. तिथून ब्रुकलँड्स या सरे परगण्यातल्या जुन्या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकवरील संग्रहालयापर्यंतचे अंतर पायी अर्ध्या तासाच्या आत कापता येते. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी हा प्रवास केला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्या माणसांना एवढा लळा का लावतात, याचे उत्तर मला छायाचित्रांतून कधी मिळाले नव्हते. ते त्या दिवशी मिळाले, आणि ते गाड्यांच्या आधी जमिनीकडून मिळाले. म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की, आत गेल्यावर गाड्यांच्या दालनाकडे वळू नका. आधी ट्रॅकवर जाऊन उभे राहा.

क्लबहाऊसच्या मागच्या बाजूने गेले की ‘मेंबर्स बँकिंग’ नावाचा ट्रॅकचा उरलेला तुकडा लागतो. शंभर फूट रुंदीचा हा काँक्रीटचा रस्ता वळणावर बाहेरच्या कडेने उचलला जातो आणि जवळजवळ २९ फूट उंचीपर्यंत चढतो. उतार एकसारखा नाही. पायथ्याशी तो सौम्य आहे, मधून चढत जातो आणि वरच्या कडेला भिंतीसारखा होतो. पायथ्याशी सरळ उभे राहता येते, दहा-बारा पावलांवर पोटऱ्या ताणल्या जातात आणि त्याच्याही वर हात टेकल्याशिवाय तोल राहत नाही. वाकून पाहिले तर काँक्रीटमधली खडी उघडी पडलेली दिसते, सांध्यांत शेवाळ आहे, आणि शेजारशेजारच्या दोन लाद्या एका पातळीत नाहीत हे बोटांना लगेच कळते. सैल वाळूच्या जमिनीवर घाईने टाकलेले हे काँक्रीट पहिल्या काही वर्षांतच खचू लागले, आणि त्यानंतरची प्रत्येक शर्यत या खाचखळग्यांवरून झाली. वेगात असलेल्या गाडीची चारही चाके जमीन सोडत असत. ज्या गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते, ज्यांचे टायर अरुंद होते आणि ज्यांत चालकाच्या डोक्यावर कापडी टोपीखेरीज काही नव्हते, त्या गाड्या येथून जात होत्या, ही गोष्ट तो सांधा हाताला लागेपर्यंत मला खऱ्या अर्थाने उमगली नव्हती.

असा ट्रॅक बांधण्याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९०३च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावता येत नव्हत्या. फ्रान्समध्ये गावोगावच्या रस्त्यांवरून शर्यती होत. पण त्याच वर्षीच्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत इतके अपघात झाले की ती बोर्दोला थांबवावी लागली. रेनो मोटारी बनवणाऱ्या लुई रेनोचा भाऊ मार्सेल त्याच शर्यतीत दगावला. एका बाजूला रस्त्यावरच्या शर्यती माणसांचे बळी घेत होत्या आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश कारखानदारांना आपली गाडी पूर्ण वेगात पळवून पाहायला जागाच नव्हती. इटलीतल्या शर्यती पाहून परतलेल्या ह्यू लॉक किंग या जमीनदाराने हा प्रश्न मनावर घेतला आणि आपल्या मालकीच्या जमिनीवर पावणेतीन मैलांचा बंदिस्त ट्रॅक बांधायला काढला. खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक. कर्नल होल्डन यांनी आखलेल्या या ट्रॅकसाठी शेकडो मजूर राबले, काम वर्षभराच्या आत उरकले आणि १७ जून १९०७ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

खर्च मात्र सुमारे दीड लाख पौंडांवर गेला. त्या ओझ्याखाली ह्यू लॉक किंग यांची प्रकृती ढासळली, तेव्हा व्यवहाराची सूत्रे त्यांच्या पत्नी एथेल यांनी हाती घेतली आणि काम तडीस नेले. उद्घाटनाच्या दिवशी गाड्यांच्या मिरवणुकीच्या अग्रभागी आपली इटाला गाडी स्वतः चालवत त्याच होत्या. तरीही त्याच वर्षी डोरोथी लेव्हिट या नावाजलेल्या चालिकेला, ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, तेथे शर्यतीत उतरू दिले नाही. १९०८मध्ये स्त्रियांसाठी एक स्वतंत्र शर्यत झाली. ती म्युरिएल थॉम्पसन यांनी ‘पॉबल’ नावाच्या ऑस्टिन गाडीने जिंकली, आणि पुढे बरीच वर्षे स्त्रियांना शर्यतीची दारे पुन्हा बंद झाली. ज्या ट्रॅकचे काम एका स्त्रीने बुडण्यापासून वाचवले, तिथे हे घडावे, याची मला फार चुटपुट लागली. त्यामुळे दालनातील एथेल लॉक किंग यांच्याविषयीचा मजकूर घाईत ओलांडू नये, ही विनंती.

ट्रॅक नवा होता, पण मोटारींची शर्यत कशी भरवायची याचे नियम कोणाकडे नव्हते. म्हणून ते सरळ घोड्यांच्या शर्यतीवरून उचलले गेले. गाड्या जमायच्या त्या जागेला आजही पॅडॉक म्हणतात. सुरुवातीला चालक जॉकीप्रमाणे रंगीत अंगरखे घालत आणि त्या रंगांवरून प्रेक्षकांनी गाडी ओळखायची असे. दूरवरून ते जमेना, तेव्हा गाड्यांवर क्रमांक आले. वेगवान गाडीला उशिरा सोडायचे आणि हळू गाडीला आघाडी द्यायची, यामागची हँडिकॅपची कल्पनाही तिथलीच, आणि पैजा घेणारे बुकीही हजर असत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यतीआधी पॅडॉकच्या कठड्याला टेकून जनावर निरखणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ब्रुकलँड्सचा पॅडॉक परका वाटणार नाही. तिथले लोक गाडीच्या चाकाकडे आणि साखळीकडे नेमके त्याच नजरेने पाहतात.

पहिली नियमित शर्यत होण्याआधीच शर्यतीचे चालक सेल्विन एज यांनी या ट्रॅकची कसोटी घेतली. २८ जून १९०७च्या संध्याकाळी ते ६० अश्वशक्तीच्या नेपियर गाडीत बसले आणि पुढचे २४ तास एकट्याने ती चालवत राहिले. रात्री कड कळावी म्हणून ट्रॅकच्या बाजूने शेकडो कंदील मांडले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी १,५८१ मैल म्हणजे सुमारे २,५४४ किलोमीटर कापले होते. सरासरी ताशी ६५.९ मैल. बाहेरच्या रस्त्यावर २०ची मर्यादा असताना हा आकडा आला, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या रात्रीच्या आवाजाने परिसरातले रहिवासी इतके त्रासले की ट्रॅकवर रात्री गाड्या पळवण्यावर बंदी आली. म्हणूनच १९२९पासून येथे २४ तासांची शर्यत ‘डबल ट्वेल्व्ह’ म्हणून, बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागून होत असे, आणि मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद ठेवल्या जात.

पर्सी लॅम्बर्टची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी त्याने साडेचार लिटरच्या टॅलबट गाडीत एका तासात १०३.८४ मैल अंतर कापले; तासात शंभर मैलांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला माणूस. त्या काळात विक्रमासाठी अवाढव्य इंजिने वापरण्याकडे कल होता. १९०९मध्ये याच ट्रॅकवर व्हिक्टर एमेरीने पळवलेल्या बेन्झचे इंजिन २१.५ लिटरचे होते. लॅम्बर्टची गाडी त्यापुढे लहानखुरी होती आणि तिचा वेग हवेला अडथळा न करणाऱ्या अरुंद अंगातून आला होता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुन्हा विक्रमाच्या प्रयत्नात असताना टायर फुटून तो याच ट्रॅकवर मरण पावला. लंडनच्या ब्रॉम्प्टन स्मशानभूमीत त्याची समाधी आहे.

दुपारी पॅडॉकमध्ये पहिल्या महायुद्धाआधीची, साखळीने मागची चाके फिरवणारी एक चार सिलिंडरची गाडी सुरू करताना मी अगदी दोन हातांवरून पाहिली. तिच्या मालकाने आधी पितळी कुप्यांतून तेल सोडले, मग हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरला, कारण पेट्रोल इंजिनकडे ढकलायला दुसरी सोय नाही. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगवरचा दांडा मागे घेऊन ठिणगी उशिरा पडेल अशी व्यवस्था केली आणि मगच पुढे येऊन हँडल धरले. धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवला होता. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा गुंडाळून धरलेले हँडल मनगट मोडते. बोटांत नुसते अडकवलेले हँडल हातातून सुटून जाते. त्यांनी ते खालून वर ओढले, कधीही वरून खाली दाबले नाही. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटले, आणि प्रत्येक सिलिंडरचा ठोका वेगळा मोजता येईल इतक्या संथपणे चालू लागले. पाठोपाठ जळक्या तेलाचा एक गोडसर, जडसा वास आला, आणि मी जागच्या जागी थबकलो, कारण तो एरंडेलाचा होता. उच्च तापमानातही पातळ न होणारे एरंडेल त्या काळी शर्यतीच्या इंजिनांचे आवडते वंगण होते. कॅस्ट्रॉल हे नावदेखील एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आले आहे. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेले तेल सरेमधल्या एका पॅडॉकमध्ये धुरातून भेटेल, असे मला कधी वाटले नव्हते.

एवढे झाल्यावर मगच नेपियर-रेल्टनपुढे जावे. ही गाडी १९३३ची, म्हणजे या कथेच्या शेवटच्या पर्वातली. शर्यतीचे चालक जॉन कॉब यांच्यासाठी अभियंता रीड रेल्टन यांनी आखलेल्या या गाडीत २४ लिटरचे, बारा सिलिंडरचे नेपियर लायन विमान-इंजिन आहे. चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा बोनेटमधून तीन उंचवट्यांसारख्या वर आलेल्या दिसतात. एवढ्या वजनाच्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी कॉबनी तिच्यात बाहेरच्या ट्रॅकची एक फेरी ताशी १४३.४४ मैलांच्या, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटरच्या सरासरीने मारली. १९३९मध्ये महायुद्ध आले, ट्रॅक कायमचा बंद झाला आणि तो विक्रम अबाधित राहिला. सकाळी बँकिंगचे सांधे हाताने चाचपलेले असतील, तर ही गाडी हवेत उडालेली दाखवणारी प्रसिद्ध छायाचित्रे पाहताना पोटात गोळा येतो.

आता जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. दिवस फार विचारपूर्वक निवडावा. साध्या दिवशी गर्दी नसते आणि गाड्या निवांत पाहता येतात, पण इंजिने बहुधा बंद असतात. आणि माझ्या मते या गाड्या बंद अवस्थेत पाहणे म्हणजे तंबोरा भिंतीवर टांगलेला पाहण्यासारखे आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कार्यक्रमांचे वेळापत्रक असते. त्यात जुन्या गाड्या प्रत्यक्ष चालवून दाखवण्याचा दिवस शोधावा आणि तिकीट आधीच काढावे. विंटेज स्पोर्ट्स कार क्लबच्या चालनकौशल्याच्या चाचण्याही हिवाळ्यात येथे होत आल्या आहेत. त्या पाहायला मिळाल्या तर उत्तमच, मात्र थंडीचे कपडे पुरेसे हवेत. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून सकाळी दार उघडताच आत जावे. चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट घालू नयेत. पावसानंतर बँकिंगवरचे शेवाळ निसरडे होते, आणि जिथे न जाण्याची पाटी आहे तिथे जाण्याचा हट्ट धरू नये. इंजिने सुरू होतात तेव्हा लहान मुलांचे कान झाकण्याची सोय जवळ असावी.

टेस्ट हिल हा १९०९मध्ये चढ आणि ब्रेक पारखण्यासाठी बांधलेला ३५२ फुटांचा रस्ता अवश्य चढून पाहावा. वरच्या टप्प्याला प्रत्येक चार फुटांमागे एक फूट चढ आहे. त्याच आवारात कॉन्कॉर्ड विमान आणि वेलिंग्टन बॉम्बरही आहे. ती पाहण्यासारखी आहेतच, पण एका दिवसात सगळे पाहायला निघालात तर पॅडॉकसाठी वेळ उरत नाही. मी विमाने शेवटच्या तासावर ढकलली आणि त्याची खंत वाटली नाही. ट्रॅकचा बायफ्लीटकडचा तुकडा आज दुकानांच्या आवाराजवळ आहे. पाय थकले नसतील तर तिकडे फेरी मारावी, कारण मूळ ट्रॅक केवढा होता याचा अंदाज तिथेच येतो. शेजारचे मर्सिडीज-बेन्झ वर्ल्ड विनामूल्य आहे आणि पाऊस आला तर तिथे थांबता येते.

हातात आणखी एक दिवस असेल तर हॅम्पशायरमधल्या बोल्यूच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाला जावे. ब्रॉकनहर्स्ट हे त्याचे जवळचे स्थानक. तिथे ३५० अश्वशक्तीची सनबीम उभी आहे. मे १९२२मध्ये केनेल्म ली गिनेस यांनी हीच गाडी ब्रुकलँड्सवर ताशी १३३.७५ मैल वेगाने पळवून जमिनीवरचा वेगाचा विक्रम केला, आणि तो विक्रम या ट्रॅकवर झालेला शेवटचा ठरला. पुढच्या विक्रमवीरांना काँक्रीट अपुरे पडू लागले. माल्कम कॅम्बेल यांनी हीच सनबीम वेल्समधल्या पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली आणि १९२५मध्ये ओल्या वाळूवरून ताशी १५० मैलांच्या वर पळवली. ब्रुकलँड्स आधी आणि बोल्यू नंतर, हाच क्रम ठेवावा.