तुम्ही विचारलंत म्हणून: दारावरच्या त्या पंख्याबद्दल

"मॅडम, दारावर हा पंखा कशाला काढलाय?" हा प्रश्न मला पेशंटचे नातेवाईक विचारतात, आमच्या सोसायटीतले लोक विचारतात, परवा तर बहिणीच्या मुलाने फोटो पाठवून विचारलं. दर वेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगून सुटका करून घेण्यापेक्षा एकदा नीटच लिहिते.

मी परळच्या एका हॉस्पिटलात रेडिएशनला, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार करतात तिथे, टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंट 'रेडिएशन' म्हणत नाहीत, आपली माणसं शेक म्हणतात, हिंदीवाले सिकाई म्हणतात, काही जण नुसतंच लाइट घेतोय म्हणतात. मशीन असलेल्या खोलीच्या जाडजूड दारावर पिवळी पाटी असते आणि त्या पाटीवर मधे एक गोल ठिपका आणि भोवती तीन पाती. आता हे चित्र काय आहे ते कुणाला आपोआप कळावं असं त्यात काहीच नाहीये. बहुतेकांना पंखा दिसतो. वर्सोव्याच्या एका कोळी काकांना होडीचा पंखा दिसला, आणि त्यांचं म्हणणं होतं की पाती चुकीची काढलीयेत, अशाने होडी पुढे जाणार नाही. खानदेशातून आलेल्या एका आजींनी तर पाटीला हात लावून नमस्कार केला. त्यांच्या दृष्टीने ते बेलाचं पान होतं, तीन दळं आणि मधे देठ, म्हणजे महादेवाचंच काहीतरी असणार. मी काहीच बोलले नाही तेव्हा, त्यांना आत नेलं, टेबलावर झोपवलं, मास्क बसवला. बाहेर आल्यावर मात्र त्यांच्या सुनेला सगळं समजावून सांगितलं, कारण दाराबाहेर थांबायचं ते तिला होतं.

तर ते चिन्ह आलं कुठून? १९४६ साली अमेरिकेत बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत काही लोकांनी मिळून ते काढलं. मधला ठिपका म्हणजे अणू आणि पाती म्हणजे त्यातून बाहेर पडणारे किरण, असं त्यांच्या मनात होतं. सुरुवातीला ते निळ्यावर किरमिजी रंगात होतं, निळा अशासाठी की लॅबमधे तो रंग सहसा दुसरीकडे वापरात नसायचा, पण निळा उन्हात विटतो म्हणून पुढे पिवळा आला. म्हणजे बघा, एका लॅबमधल्या माणसांनी एकमेकांसाठी ठरवलेली खूण आणि तीच मग जगभर गेली, पण तिच्यामागचा अर्थ सांगणारी माणसं काही तिच्याबरोबर सगळीकडे पोचली नाहीत.

मला यात जे खरंच महत्त्वाचं वाटतं ते हेच. चित्राला भाषा लागत नाही असं आपण सहज बोलून जातो आणि मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यात बघा, लोक पान खाऊन थुंकतात म्हणून कोपऱ्यात टाइल्स लावलेल्या असतात, एक गणपती, एक साईबाबा, एक क्रूस, एक मक्का-मदिना. तिथे एक अक्षर लिहायला लागत नाही आणि कोपरा स्वच्छ राहतो. का, तर लहानपणी घरात प्रत्येकाला कुणीतरी हात जोडायला शिकवलेलं असतं. त्या टाइलच्या मागे आई आहे, आजी आहे, अख्खं घर आहे. माझ्या दारावरच्या पंख्यामागे कोण आहे? फक्त मी आणि आमचा स्टाफ, तेही ड्यूटीवर असेपर्यंत.

आणि हा नुसता गप्पांचा विषय नाहीये. ब्राझीलमधे गोयानिया नावाचं शहर आहे, तिथे १९८५ च्या सुमारास एक रेडिएशन क्लिनिक दुसरीकडे गेलं आणि जुनं मशीन रिकाम्या जागेतच राहिलं. १९८७ मधे दोन माणसांनी ते भंगार म्हणून उचललं, फोडलं, विकलं. आतल्या सीझियमची, म्हणजे किरण सोडणाऱ्या पदार्थाची, पावडर अंधारात निळी चमकायची, भंगारवाल्याला ती इतकी आवडली की त्याने घरच्यांना, मित्रांना कौतुकाने वाटली. एक सहा वर्षांची मुलगी त्या पावडरशी खेळली आणि त्याच हाताने जेवली. चार जण गेले, त्यात ती होती. एक लाख बारा हजारांच्या वर माणसं तपासावी लागली. हे मी ट्रेनिंगमधे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगते, आजही ते लिहिताना हात थांबतो.

फार लांबचं वाटत असेल तर दिल्लीचं मायापुरी घ्या, एप्रिल २०१०. वर्षानुवर्षं वापरात नसलेलं एक गॅमा किरणांचं मशीन लिलावात भंगारात गेलं, कामगारांनी ते कापलं, आतले किरण सोडणाऱ्या कोबाल्टचे तुकडे दुकानादुकानांत पसरले, एकाने तर एक तुकडा पाकिटात घालून ठेवला. एक कामगार वारला, बाकीचे महिनोन् महिने आजारी. धातू ओळखण्यात हुशार माणसं होती ती, हातात घेऊन पितळ की तांबं सांगणारी, पण ही एक गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितलीच नव्हती.

मग दारावर सरळ कवटी का लावत नाही, हा पुढचा प्रश्न येतोच. कवटी आपल्याला विजेच्या डीपीवरून माहीत आहे, धोका, ४४० व्होल्ट, हात लावायचा नाही. पण तिचंही सगळीकडे जमत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमधे लक्षात आलं की पोरांना कवटी म्हटलं की समुद्री चाचे आणि मजा आठवते, म्हणून १९७१ मधे त्यांनी विषाच्या बाटल्यांसाठी जीभ बाहेर काढलेला एक हिरवा वैतागलेला चेहरा आणला. आणि माझ्या दाराचा प्रश्न तर त्याहून अवघड. आत पेशंट बरा व्हायला येतो. कवटी बघून कोण बाई आपल्या नवऱ्याचा हात सोडेल सांगा? आधीच विचारतात की शेक घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेऊ ना. (घ्या हो, नक्की घ्या. बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात साठून राहत नाही.) म्हणजे एकाच खोलीबद्दल पेशंटला सांगायचं की घाबरू नका आणि त्याच्या नातेवाइकाला सांगायचं की दाराचा लाल दिवा लागला, म्हणजे मशीन चालू आहे, की आत जाऊ नका. हे दोन्ही एका चित्रात मावत नाही.

यावर काम झालंय. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जगभरासाठी मानकं ठरवणारी आयएसओ यांनी २००७ मधे एक नवीन चिन्ह आणलं, लाल त्रिकोण, वर तेच तीन पात्यांचं चिन्ह आणि त्यातून निघणारे किरण, खाली एका बाजूला कवटी आणि एका बाजूला पळणारा माणूस आणि बाण. आधी अकरा देशांत १६५० लोकांना दाखवून बघितलं, त्यात भारतही होता. मला आवडलं ते हे की कुणा हुशार डिझायनरला छान वाटलं एवढ्यावर ते थांबले नाहीत, ज्यांना काहीच माहीत नाही अशांना जाऊन विचारलं. हे चिन्ह दारावर नसतं. ते मशीनच्या आत, जिथे किरण सोडणारा धोकादायक सोर्स असतो त्याच्या जवळ लावायचं, म्हणजे कुणी मशीन उघडायला लागला तरच त्याला दिसणार.

आता परळमधे काम करते म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच परळला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा, दान दिल्याचा शिलालेख सापडला होता. त्याच्या शेवटी त्या काळच्या मराठीत एक जबरदस्त शाप आहे, हे दान जो कुणी मोडेल त्याला, गाढवाचा, इथे लिहिण्यासारखा नाही. अशाच दगडांवर शापाचं चित्रच कोरायचे, त्यांना गधेगाळ म्हणतात, वर चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकणार, खाली गाढव आणि बाई. वाचता न येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून. ठाणे, रायगड, पूर्ण कोकणात असे दगड आहेत. आणि आज? कित्येक गावांत त्यांना शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. दगड टिकला, चित्र टिकलं, ताकीद गेली आणि तिच्या जागी भक्ती आली.

अमेरिकेत १९८१ मधे नेमका हाच प्रश्न घेऊन सरकारने एक गट बसवला होता, अणुकचरा पुरला तर दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला इथे खणू नको हे कसं सांगायचं. त्यात थॉमस सिबिऑक नावाचे खुणा आणि चिन्हांचा अभ्यास करणारे विद्वान होते, त्यांचं म्हणणं होतं की एका पाटीवर भरवसा ठेवू नका, दर काही पिढ्यांनी तो निरोप त्या वेळच्या भाषेत पुन्हा लिहीत राहा, आणि तो सांभाळणारी माणसं तयार करा. मला वाटतं आपल्या गधेगाळांबरोबर नेमकं हेच कुणी केलं नाही.

म्हणून दारावरच्या पंख्याचं माझं उत्तर आता ठरलेलं आहे. तो पंखा नाही, बेल नाही, आतून न दिसणारे किरण निघतात त्याची खूण आहे, लाल दिवा असेपर्यंत आत जायचं नाही, पेशंटला भ्यायचं कारण नाही. एवढं मराठीत, हिंदीत आणि जमेल तेवढं बंगालीत, कारण आमच्याकडे तिकडून खूप लोक येतात.

आणि तुमच्याकडून एक हवंय. कुर्ला, साकीनाका, धारावी, कुठेही तुमच्या ओळखीचा भंगारवाला असेल तर त्याला ही दोन्ही चित्रं मोबाइलवर दाखवा, पिवळं पण आणि लाल पण. असं काही मालात दिसलं, किंवा एखादा छोटासा डबा आकाराच्या मानाने भलताच जड लागला, तर कापायचं नाही, घरी न्यायचं नाही, लांब व्हायचं, बाकीच्यांना लांब करायचं आणि ११२ वर पोलिसांना फोन करायचा.