पोर्शन दोनच अंकांचा

भाचीच्या चाचणीला शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचे पहिले दोनच अंक आहेत. “मावशी, तू इंग्रजी घेऊन बी. ए. केलंस ना, मग बस माझ्याबरोबर,” असं फर्मान निघालं. आठवडाभर रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी स्कॉटलंडला जातो. तिच्या गाइडमध्ये सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आहे: महत्त्वाकांक्षा. आमच्या नोट्समध्येही तेच होतं, तेच लिहून मी पास झाले.

आता वाचताना मात्र मला चेटकिणींपेक्षा घर दिसतं. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यात राजा डंकन मुक्कामाला आलाय, इथली हवा किती छान म्हणतोय. मॅकबेथचा सोबती सरदार बँको त्याला भिंतीवरची पाकोळ्यांची घरटी दाखवतोय. मग रंगसूचना येते: नोकर ताटं घेऊन जातात. म्हणजे आत पंगत बसलीय, आणि यजमान मॅकबेथ, राजाचा खून करावा की नाही या विचारात, मधेच उठून एकटाच बाहेर आलाय. तो माझा नातेवाईक, माझा राजा, त्यात पाहुणा. खुन्याला दार बंद करायचं मी, मीच सुरी धरू? अशी मॅकबेथची सगळी कारणं ‘नको’च्या बाजूची. दुसऱ्या बाजूला तेवढी महत्त्वाकांक्षा. तीही कशी, तर घोड्यावर मांड टाकायला जोरात उडी मारावी आणि पलीकडे जाऊन आपटावं, तशी. गाइडचा लाडका शब्द तो स्वतःच उच्चारतो, पण जवळजवळ तक्रारीच्या सुरात.

तेवढ्यात बायको बाहेर येते. त्यांचं जेवण होत आलं, तुम्ही उठून का आलात? नवरा म्हणतो, हा विषय इथेच थांबवू. मग ती त्याला म्हणीतल्या मांजराची उपमा देते, मासा हवा पण पंजे भिजायला नकोत. इथे भाची खुदकन हसली. खुनाच्या गोष्टीत असं हसू यावं, हे मला फार आवडलं.

खरा डंकन 1040 साली लढाईत मारला गेला, आणि नाटकातल्यासारखा म्हाताराही नव्हता. मॅकबेथनं त्यानंतर 17 वर्षं राज्य केलं. पाहुण्या राजाला बायकोच्या सांगण्यावरून मारवणारा डॉनवाल्ड, शेक्सपिअरनं वापरलेल्या हॉलिनशेडच्या बखरीत, वेगळाच. त्यानं मारवलेला राजा डफ. शेक्सपिअरनं ती गोष्ट उचलून इथे जोडली आणि रणांगण काढून पाहुण्याची खोली आणली. कुसुमाग्रजांनी याच नाटकावरून ‘राजमुकुट’ लिहिलं. पण या दोन अंकांत मॅकबेथच्या डोक्यावर मुकुट येतच नाही. राज्याभिषेकाला तो स्कोनला गेल्याचं दुसऱ्या अंकाच्या शेवटी नुसतं कानावर येतं. तोवर काय, तर ताटं आणि रात्रीचं पेय तयार झालं की बाईंनी वाजवायची घंटा. त्या घंटेवरच तो वर जातो.

खून आपल्याला दिसत नाही. दिसतो तो खाली आलेला माणूस, दोन्ही खंजीर हातात. “हे इकडे कशाला आणलेत?” म्हणून बायको डाफरते. कोथिंबीर सांगितली आणि पुदिना आणला तर आमच्या घरी हाच सूर लागतो. ती खंजीर परत ठेवून येते, थोड्या पाण्यानं हात धुतले की झालं, म्हणते. हीच बाई थोड्या वेळापूर्वी म्हणून गेलीय की झोपेत डंकन माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच केलं असतं. मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. भाचीनं अधोरेखित केली आणि समोर ‘सहा मार्क’ असं लिहिलं.

दिवा मालवताना तिनं विचारलं, “मावशी, त्या हिऱ्याचं काय झालं?”

झोपायला जाण्याआधी राजानं यजमानीणबाईंना एक हिरा पाठवला होता, पाहुणचारावर खूश होऊन. मी उरलेले तीन अंक चाळले. हिरा कुठेच नाही. गाइडमध्ये तर नाहीच.

“तिनं घातला असेल?”

“झोप आता,” मी म्हटलं.