आमची वाटचाल: जोडाआधीचं काम

ठाणे-बेलापूर रस्त्यावर महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. ऑप्टिकल फायबर सोलणं, कापणं, जोडणं, टोकाला कनेक्टर बसवून ते टोक घासून चकचकीत करणं आणि ज्या हत्यारांनी हे होतं त्यांची दुरुस्ती, एवढं काम आम्ही करतो. केबल टाकत नाही, रस्ते खोदत नाही, इंटरनेटचं कनेक्शन विकत नाही. नवे ग्राहक विचारतात, एवढ्याशा कामावर कंपनी कशी चालते? चालते, कारण हे काम दरवेळी तितक्याच काळजीने करून देणारी माणसं शोधावी लागतात.

सुरुवात २००९ साली झाली. त्याआधी मी एका ठेकेदाराकडे केबल जॉइंटर होतो. स्वतःचं काम सुरू करायचं ठरलं तेव्हा धाकट्या भावाने शिल्लक पुढे केली आणि सासरे बँकेत जामीन राहिले. फ्यूजन स्प्लायसर, म्हणजे काच वितळवून फायबर जोडणारं मशीन, तेव्हा नवा घेण्याची ऐपत नव्हती, किंमत काही लाखांत होती. म्हणून मशीन सेकंडहँड घेतलं आणि क्लीव्हर, म्हणजे फायबर कापायचं हत्यार, नवं कोरं घेतलं. ओळखीच्यांना हे उलटं वाटलं. महागडी वस्तू जुनी आणि तिच्या मानाने स्वस्त वस्तू नवी, हा कुठला हिशोब? पण नोकरीत जे पाहिलं होतं त्यावरून माझं मत पक्कं झालं होतं, आणि आजही ते तसंच आहे: जोड चांगला की वाईट, हे बहुतेक वेळा मशीनचं झाकण बंद होण्याआधीच ठरलेलं असतं.

कारण सांगतो. सिंगल मोड फायबरमधली काच १२५ मायक्रॉन जाडीची असते आणि प्रकाश जातो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्प्लायसर दोन टोकं समोरासमोर आणतो, दोन बाजूंच्या कॅमेऱ्यांतून गाभा बघतो, टोकं वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवून गाभ्याला गाभा लावतो आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पाडून काच वितळवतो. हे सगळं तो स्वतः करतो. पण वाकडं कापलेलं टोक त्याला सरळ करता येत नाही. टोक तिरपं असलं की एका कडेला काच आधी भिडते, दुसरीकडे फट राहते, आणि वितळताना गाभा त्या फटीकडे ओढला जातो. चांगलं मशीन अशा वेळी काम थांबवून सूचना देतं. घाईतला माणूस ती सूचना बाजूला सारून पुढे जातो.

क्लीव्हर फायबर चिरत नाही. खिडकीची काच बसवणारा हिऱ्याने रेघ मारतो आणि मग टक्कन तोडतो ना, तेच तत्त्व. कार्बाइडचं गोल पातं ताणलेल्या फायबरला खालून निसटता स्पर्श करतं, बारीकसा ओरखडा पडतो, वरून दाब येतो आणि तडा सरळ आरपार जातो. ओरखडा खोल गेला तर कडेचा टवका उडतो. ताण कमी-जास्त झाला तर एका बाजूला ओठासारखी कड बाहेर येते, तिला आम्ही लिपच म्हणतो. कोन अर्ध्या अंशाच्या आत राहिला पाहिजे, हा आमच्या गाळ्याचा नियम. एका अंशापर्यंत चालतं असं म्हणणारे आहेत, आणि जोड लागतोही, पण रस्त्यावर शेकडो जोड लावायचे असतात तेव्हा हा ढिलेपणा प्रत्येक जोडात थोडा थोडा साचतो.

कापण्याच्याही आधी सोलणं येतं. तीन खाचांचा स्ट्रिपर असतो: मोठी खाच बाहेरच्या २-३ मिलिमीटरच्या आवरणासाठी, मधली ९०० मायक्रॉनच्या बफरसाठी, सर्वांत लहान २५० मायक्रॉनच्या कोटिंगसाठी. स्ट्रिपर किंचित तिरपा धरून एकाच सलग ओढीत कोटिंग उतरवायचं. मध्ये थांबलं की काचेवर चरा उमटतो आणि जोड आज टिकला तरी पुढे कधीतरी तिथेच तुटतो. मग ९९ टक्के शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, न सुटणाऱ्या धाग्यांचा वाइप, आणि पुसायचं. काच खरंच स्वच्छ झाली की पुसताना बारीक चिरका आवाज येतो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना पहिले काही दिवस हा आवाज ऐकायलाच बसवतो. ‘दादा, वाजली,’ असं त्यांच्या तोंडून आपोआप यायला लागलं की मग क्लीव्हर हातात. पुसणं कापण्याआधी, कापल्यानंतर टोकाला वाइपसुद्धा लावायचा नाही. आणि श्रिंक होणारी स्लीव्ह, म्हणजे तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी, सर्वांत आधी फायबरवर ओवून ठेवायची, कारण जोड लागल्यावर ती घालायला वाट उरत नाही.

पहिली वर्षं रस्त्यावरच गेली. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कुठेही जेसीबीचा दात केबलला लागला की फोन यायचा, बहुतेक वेळा रात्री. चेंबरमधलं पाणी उपसायचं, केबलची दोन्ही टोकं वर काढायची, ओम्नीच्या मागच्या भागात फळी टाकून टेबल करायचं आणि दारं लावून घ्यायची. केबलमधल्या ट्यूबमध्ये फायबरभोवती जेली असते, ती पुसून काढण्यातच निम्मा वेळ जातो, पण ती राहिली तर क्लीव्हरची रबरं चिकट होतात आणि पुढचा प्रत्येक कट बिघडतो. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळसर: फायबरच्या बारा रंगांचा हा क्रम झोपेतही म्हणता येतो. बॅटरीच्या उजेडात राखाडी आणि पांढरा सारखेच दिसतात, म्हणून त्या दोघांना आधी वेगळं करून ठेवायची सवय लागली.

पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत ओल इतकी असते की काल नीट चाललेली ठिणगी आज कमी किंवा जास्त तापते. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी त्याच जागी, त्याच हवेत आर्क टेस्ट, म्हणजे ठिणगीची चाचणी, घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कितीतरी टीम ते टाळताना मी पाहतो.

स्प्लायसरच्या पडद्यावर जोडाचा लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, दिसतो, ०.०२ डीबी वगैरे. तो मशीनने चित्र पाहून बांधलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. खरं माप ओटीडीआरवर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, घ्यायचं, आणि तेही दोन्ही टोकांकडून. दोन वेगवेगळ्या बनावटीची फायबर जोडली की एका बाजूने पाहताना जोडावर प्रकाश चक्क वाढलेला दिसतो. तो खरा वाढलेला नसतो, पलीकडची फायबर जास्त प्रकाश परत फेकत असते एवढंच. दुसऱ्या बाजूने तोच जोड वाईट दिसतो. दोन्हींची सरासरी हा त्या जोडाचा खरा आकडा. एकाच बाजूचा रिपोर्ट लावून बिल पास करून घेण्याची पद्धत बाजारात आहे. आम्ही ती कधी धरली नाही, त्यामुळे सुरुवातीला काही कामं हातची गेली. त्याच काळात एका ठेकेदाराने आमचं बरंच मोठं बिल अडकवून ठेवलं होतं. तेव्हा ठरवलं की फक्त रस्त्यावरच्या कामावर विसंबून राहायचं नाही.

मग गाळा घेतला आणि पॅचकॉर्ड, म्हणजे टोकांना कनेक्टर बसवलेल्या छोट्या फायबर केबल, बनवायला लागलो. पहिले ग्राहक ठाणे, कळवा, दिवा इथले केबल ऑपरेटर. त्यांना हिरवे कनेक्टर हवे असत, म्हणजे एपीसी, ज्यांचं टोक ८ अंशांनी तिरपं घासलेलं असतं. परत फिरणारा प्रकाश त्या तिरकस टोकावरून गाभ्याबाहेर जातो आणि टीव्हीच्या सिग्नलला त्रास देत नाही. निळे कनेक्टर यूपीसीचे, सरळ घुमटाकार टोकाचे. हिरवा निळ्याला जोडायचा नाही, हे आम्ही प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतो. जोडला तर लॉस येतोच, शिवाय दोन्ही टोकं खराब होण्याची भीती.

पॉलिशिंग हे मला या धंद्यातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. दोन भागांचं इपॉक्सी वजनाने दहास एक या प्रमाणात मिसळायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, सुईने सिरॅमिक फेरूलमध्ये, म्हणजे फायबर धरणाऱ्या कनेक्टरच्या बारीक नळीत, भरायचं. फायबर अलगद आत सरकवायची, टोकावर इपॉक्सीचा बारीक मणी आला पाहिजे. केबलमधले पिवळे अ‍ॅरामिडचे धागे कनेक्टरच्या मागे क्रिंप करायचे, कारण उद्या कोणी केबल ओढली तर तो ताण त्या धाग्यांनी घ्यायचा असतो, काचेने नाही. हे धागे साध्या कात्रीला दाद देत नाहीत, चघळल्यासारखे होतात. त्यांची कात्री वेगळी आणि आमच्याकडे ती दुसऱ्या कशालाही वापरायला बंदी आहे. ओव्हनमध्ये इपॉक्सी मधाच्या रंगावरून गडद तांबडं झालं की पक्कं झालं. मग मण्याच्या अगदी वर स्क्राइबने, म्हणजे ओरखडा पाडायच्या टोकदार हत्याराने, हलका स्पर्श आणि फायबर सरळ रेषेत ओढून वेगळी करायची. वाकवून तोडली तर तडा फेरूलच्या आत उतरतो आणि तो कनेक्टर गेला.

उरलेला खुंट आधी हातातल्या फिल्मवर, म्हणजे घासायच्या बारीक कागदावर, हवेतल्या हवेत घासून घेतो, मग मशीनवर डायमंड फिल्म: ९ मायक्रॉन, ३, १, आणि शेवटी सिलिकाची. खाली रबराची गादी असते, तिच्यामुळे टोकाला घुमट येतो आणि दोन कनेक्टर भिडले की काचेला काच टेकते, मध्ये हवा राहत नाही. प्रत्येक फिल्मनंतर फेरूल धुवायचेच. ९ मायक्रॉनचा एक कण शेवटच्या फिल्मवर गेला तर त्या खेपेतले सगळे कनेक्टर ओरखडतात. आधी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत पक, म्हणजे कनेक्टर धरायची चकती, घेऊन हातानेच घासायचो. थोड्या नगांना आजही तसंच करतो, नवीन माणसाला दाब म्हणजे काय हे मशीनवर कळत नाही.

आमच्या पॉलिशिंग टेबलावर सगळ्या बायका आहेत, बहुतेक घणसोली, कळवा, दिव्याकडच्या. सर्वांत जुन्या ताई कळव्याहून येतात. शिक्षण दहावी, पण मायक्रोस्कोपखाली टोक पाहून कोणती फिल्म झिजली आहे हे त्या सांगतात. गाभ्याच्या भागात एकही ओरखडा चालत नाही, कडेला थोडी सूट असते. मालाला शेवटचा होकार ताईंचा असतो, माझा नाही.

२०१६ नंतर ४जी आणि घरोघरच्या फायबरमुळे मागणी इतकी वाढली की दुसरा गाळा घ्यावा लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरून काम करत होते आणि लाइन तुटून चालणार नव्हतं, तेव्हा पास घेऊन आमची मुलं बाहेर पडत होती. त्या दिवसांबद्दल त्यांचे मानावे तेवढे आभार थोडे.

आता आमच्या आसपासचा परिसरच बदलला. ऐरोली, रबाळे, महापे इथे रासायनिक कारखान्यांच्या जागी डेटा सेंटर उभी राहिली. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथला बराच डेटा या बाजूला येतो. इथे काम रिबनचं असतं: बारा फायबर एका पट्टीत, गरम स्ट्रिपरने एकदम सोलायच्या, एकदम कापायच्या, एकदम जोडायच्या. या मशीनमध्ये प्रत्येक फायबर वेगळी सरकवता येत नाही, बाराही व्ही आकाराच्या खाचांत बसतात तशा जोडल्या जातात. खाचेत धुळीचा कण असेल तर ती फायबर उचलली जाते. बारातलं एक टोक बिघडलं की बाराही पुन्हा कापायच्या. ज्यांना सुट्या फायबरवर ढिलं काम करायची सवय आहे, ते रिबनवर पहिल्याच दिवशी थकतात.

हत्यारांच्या दुरुस्तीचा विभाग सुरू झाला तो एका ठेकेदाराच्या टीममुळे. ऐरोलीतल्या साइटवर त्यांचे जोड सारखे फेल जात होते. इलेक्ट्रोड बदलून झाले होते, स्प्लायसर सर्व्हिसला पाठवायची तयारी होती. मुलं आमच्याकडे दुसरं मशीन भाड्याने मागायला आली. ताईंनी मशीनचं न विचारता क्लीव्हर मागितला, दोन-तीन फायबर कापल्या आणि मायक्रोस्कोपखाली धरल्या. प्रत्येक टोकाला त्याच जागी लिप. पात्याचा तो भाग झिजला होता. बऱ्याच क्लीव्हरमध्ये पात्याला १६ जागा असतात, एक झिजली की पातं एक आकडा पुढे फिरवायचं. ते फिरवलं, रबरं पुसली, आणि त्यांच्याच मशीनवर पुढचे जोड ०.०२, ०.०१ असे लागत गेले. तेव्हापासून त्या टीमचे क्लीव्हर नियमित येतात, मग त्यांच्या ओळखीतल्यांचे यायला लागले. आज या विभागात पुरेसं काम असतं. पात्याची उंची बसवणं, रबरं आणि स्प्रिंग बदलणं, नंतर शंभर कट घेऊन त्यांच्या कोनांचा कागद हत्यारासोबत परत देणं, असं आमचं स्वरूप आहे.

क्लीव्हर पाठवणार असाल तर तीन गोष्टी कराव्यात ही विनंती. पातं सध्या कोणत्या आकड्यावर आहे ते चिठ्ठीवर लिहा. शेवटचं कधी फिरवलं ते आठवत असेल तर तेही लिहा. आणि कचऱ्याची डबी झाकण असलेल्या बाटलीत रिकामी करून मगच हत्यार पॅक करा, कारण काचेचे ते तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि पार्सल उघडणाऱ्या ताईंच्या बोटांत रुततात.