फिकट रेघ म्हणजे निगेटिव्हच! (गांजा सोडतानाचा माझा अनुभव)
गांजा सोडून ७ महिने झाले. सोडणं अवघड होतंच, पण अजून डोकं फिरतं ते त्या व्यसनमुक्ती सेंटरच्या काउंटरवरून.

दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, भूक मेलेली, रात्री ३ ला चादर घामाने ओलीचिंब, ते सगळं २-३ आठवड्यांत ओसरलं. स्वप्नं मात्र महिना उलटला तरी पडायची, इतकी खरी की एकदा उठून हाताचा वास घेऊन बघितला.

आता काउंटर. लघवीची टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय व्यसन सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नाव घालत नाहीत म्हणे. २१ व्या दिवशी पॉझिटिव्ह. एक झुरका मारला नव्हता! तर समोरचा म्हणतो, "सगळे असंच सांगतात." अरे, मी ९ वर्षं रोज ओढणारा माणूस, गांजातलं नशेचं द्रव्य चरबीत साठतं आणि रोजच्यांच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवससुद्धा सापडतं, हे मला नंतर कळलं, पण त्याला नको माहीत? घरी येताना डोक्यात एकच, पॉझिटिव्हच लिहिणार असतील तर ओढलेलं काय वाईट. मित्राला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. (जुन्या माल-पार्टनरचे नंबर आधीच उडवा, मी उडवले नव्हते.)

३५ व्या दिवशी परत. पट्टीवर सी (कंट्रोल, पट्टी नीट चालली का ते दाखवणारी) समोर ठळक रेघ, टी (टेस्ट) समोर फिकट. हा म्हणतो, फिकट आहे म्हणजे थोडं आहे, पॉझिटिव्ह. अहो, ही पट्टी प्रेग्नन्सी टेस्टच्या उलटी असते, टी ला रेघ दिसली, कितीही पुसट, की निगेटिव्ह, रेघच नाही तर पॉझिटिव्ह. पाकिटातला कागद दाखवा म्हटलं तर "आम्हाला शिकवू नका". मी तिथल्या तिथे पट्टीचा फोटो काढला, तुम्हीही काढा, कारण ती वेळेतच वाचायची असते. ४० मिनिटांनी डॉक्टर मॅडम आल्या, फोटो बघून म्हणाल्या, "निगेटिव्हच आहे की हे."

ग्रुपचा उपयोग झाला, खोटं नाही बोलणार. तलफेची वेळ लिहून काढायला लावली, माझी संध्याकाळी साडेसहा, तेव्हा घराबाहेरच राहायचो. आणि हो, तंबाखूत मिसळून ओढत असाल तर सिगारेटचंही बघा, मी ती चालू ठेवली आणि प्रत्येक सिगारेटला गांजाच आठवायचा. या व्यसनासाठी खास असं औषध नाही, त्यामुळे गोळीची वाट बघत बसू नका.

मॅडमनी रजिस्टरातलं "पॉझिटिव्ह" खोडून सही केली. काउंटरवाल्याने फॉर्म सरकवला, पेन मागितलं तर म्हणे, पेन आपापलं आणायचं असतं.