दोन दाढांच्या मधली जागा

जीभ फार संशयी. जेवताना तिला तोंडातलं सगळं आपलं वाटतं. जेवण संपलं की तीच झडती घ्यायला निघते. मागच्या दोन दाढांमध्ये काही सापडलं, की मग तिला दुसरं काम सुचत नाही. समोरचा माणूस घरातलं आजारपण सांगत असतो, आपण मान डोलावत असतो, चेहऱ्यावर योग्य ती काळजी असते आणि आत जीभ एका तंतूचं टोक सोडवू पाहत असते. गाल मध्येच फुगतो. समोरच्याला वाटतं, हा हुंदका आवरतोय.

बरं, तो तंतू असतो केवढा? जिभेला विचारलं तर दोरखंड. बोटाला बारीक लागणारी वस्तू जिभेला मोठीच लागते. दातांचं तर विचारूच नका. दात हाडात थेट रुतलेला नसतो. सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या अस्तरात तो टांगलेला असतो आणि दाब ओळखणाऱ्या नसा त्या अस्तरात असतात. वरचे-खालचे दात मिटताना मध्ये २० मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बरंच कमी असं काही आलं तरी दातांना कळतं. अशा जागी मांसाचा धागा किंवा मक्याच्या लाहीचं टरफल पाचरीसारखं ठोकलं गेलं, की दोन्ही दाढा एकमेकींपासून रेटल्या जातात. तो दुखरा ताण सगळा जबडा व्यापतो आणि माणसाचं निम्मं लक्ष दिवसभर तिथेच राहतं.

मग शस्त्रांचा शोध सुरू होतो. टूथपिक जवळ नसतेच. मग नख, काडेपेटीतली काडी, कार्डाचा कोपरा, पेनाच्या टोपणाची क्लिप, पावतीची घडी, आणि अगदीच जिवावर आलं तर सेफ्टी पिन. (पिन नको. हिरडीत घुसली तर अडकलेल्या कणाची आठवणसुद्धा राहणार नाही.) एरवी चारचौघांत रुमालाशिवाय न शिंकणारी माणसं हाताचा आडोसा करून तोंडात काय काय घालतात, ते बघण्यासारखं असतं.

ही खटपट फार जुनी आहे. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सापडलेल्या निअँडरथालच्या, म्हणजे माणसाच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या, सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या दातांवर काडी फिरवून फिरवून पडलेल्या खाचा आहेत. पुढे १६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा, दाढा कोरायचा, वर फडक्याने पुसायचा, आणि तरीही त्या थरात त्याला वळवळणारे जीव दिसले. जिवाणू माणसाने पहिल्यांदा पाहिले त्या सुरुवातीच्या जागांपैकी एक म्हणजे दाताची फट, हे मला फार आवडतं. पुढे १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पीअर पार्मली या दंतवैद्याने दातांच्या मधून मेण लावलेला रेशमी धागा फिरवायला सांगितलं. उपाय सापडून दोनशे वर्षं झाली, तरी आपण पावतीची घडी शोधतोय.

आणि अखेर तो कण निघतो! त्या क्षणाचं सुख काय वर्णावं. बोटावर घेऊन माणूस त्याच्याकडे अविश्वासाने बघतो, एवढासाच होता? ताण गेला, दाढ मोकळी झाली, प्रकरण संपलं. माझं भांडण या सुखाशी आहे. गुन्हेगार पकडला असं वाटतं आणि तो कुठून आत आला, हे कुणी विचारत नाही.

कारण नीट असलेल्या दातांत अन्नाला शिरायला वाटच नसते. शेजारचे दोन दात वरच्या भागात एकमेकांना घट्ट टेकलेले असतात. त्या टेकलेल्या जागेखालची त्रिकोणी पोकळी हिरडीने भरलेली असते. दोघांच्या कडा एका उंचीवर असल्या, की चावताना घास घसरून गालाकडे किंवा जिभेकडे जातो. कधीतरी एखादा चिवट तंतू अडकला तर तो अपघात म्हणावा. पण रोज, त्याच जागी, मऊ खाल्लं तरी अडकत असेल, तर तिथे काहीतरी बदललेलं आहे. दंतवैद्य म्हणूनच पहिला प्रश्न विचारतात, “कुठेही अडकतं, की ठरावीक जागी?” आपण दुखतं किती ते सांगायला गेलेलो असतो, त्यांना पत्ता हवा असतो.

बदल अनेक तऱ्हांनी होतो. सगळ्यात लबाड म्हणजे दोन दातांच्या मधली कीड. ती सहसा टेकलेल्या जागेच्या जरा खाली सुरू होते. वरून दात धडधाकट दिसतो, आरशात काही कळत नाही, आणि कीड बाहेरच्या कठीण आवरणात असेपर्यंत दुखतही नाही, कारण त्या आवरणाला नसाच नाहीत. तिथला लहानसा खड्डा एक्स-रेत दिसतो, किंवा मग एक दिवस धागा तिथे अडकून तुटायला लागतो.

दुसरं कारण म्हणजे आधी केलेलं फिलिंग. दाताच्या बाजूचा खड्डा भरणं हे मोठं नाजूक काम. दोन दातांमध्ये धातूची पातळ पट्टी घालायची, बारीक पाचर मारून दात क्षणभर किंचित दूर सारायचे, भरायचं, आणि पट्टी काढली की दात परत जवळ येऊन एकमेकांना टेकले पाहिजेत. पट्टीच्या जाडीइतकी फट राहिली तरी पुढची कित्येक वर्षं तिथे घास जाणार. चांगला दंतवैद्य शेवटी धागा घालून बघतो. टिचकी मारल्यासारखा आत गेला तर ठीक, सुळकन गेला तर पुन्हा बसायचं.

आणि मग काढून टाकलेली दाढ. “एक गेली तर काय बिघडलं” म्हणून आपण ती जागा तशीच ठेवतो. शेजारची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ लांब होत खाली किंवा वर सरकते, आणि जुने टेके सुटतात. सरकलेल्या दाढेचं टोक नेमकं नव्या फटीवर आलं, तर दर घासाला अन्न तिथे ठासलं जातं. म्हणजे दुखणाऱ्या फटीचं मूळ समोरच्या जबड्यातही असू शकतं.

अडकलेलं तिथेच राहिलं तर काय होतं? टेकलेल्या जागेखाली हिरडीला खोगिरासारखा खोलगट भाग असतो. इतर हिरडीसारखी त्याची कातडी निबर नसते, ती पटकन सुजते. जिवाणू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल बनवतात, सामू (pH) ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळू लागतं. एरवी लाळ अर्ध्या-एक तासात हे सावरते. पण ठासलेल्या घासाखाली ती पोचत नाही, आणि झोपेत तर ती अगदीच कमी होते. सुजलेली हिरडी मागे हटते, फट वाढते, वाढलेल्या फटीत आणखी जातं. रोज कोरून सुख घेणाऱ्याला हे सगळं कळतच नाही, कारण दर वेळी दुखणं थांबतं. गार पाणी झोंबू लागतं तेव्हा कीड आत गेलेली असते, आणि रात्री ठणका लागला की रूट कॅनॉलच्या गोष्टी सुरू होतात.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक सरकारी शिफारशींतून फ्लॉसचा, म्हणजे दातांमधून फिरवायच्या त्या धाग्याचा, उल्लेख गळाला, तेव्हा जगभरच्या आळशी लोकांना मुक्ती मिळाल्याचा आनंद झाला. पुरावा कमकुवत, एवढंच त्यातलं खरं होतं. प्रयोग लहान होते, थोड्या काळाचे होते. ज्याच्या दाढेत रोज घास ठासला जातो त्याने प्रयोगाच्या निकालाची वाट बघत बसू नये, असं मला वाटतं. मात्र धागा फिरवणं म्हणजे फट बुजवणं नव्हे. ढिलं फिलिंग धाग्याने घट्ट होत नाही.

वयाने हिरडी खाली गेली, की फटी मोठ्या होतात आणि धागा अपुरा पडतो. तिथे बाटली धुण्याच्या ब्रशची पिल्लं वाटावीत असे बारीक ब्रश मिळतात, एकाच तोंडाला दोन-तीन मापांचे लागतात. किंचित अडत जाईल ते माप बरोबर. रेटावं लागलं तर लहान घ्यावं. सुरुवातीला रक्त दिसतं आणि घाबरून बहुतेक जण तिथेच थांबतात. ते रक्त सहसा ब्रशने जखम केल्याचं नसतं, हिरडी आधीच सुजलेली असते. रोज साफ केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतं. नाही झालं तर ती फट एक्स-रेसकट कुणाला तरी दाखवायलाच हवी.