होडी, बिंब आणि नंतरचा अर्धा तास

तळ्याच्या काठाला बांधलेली होडी आणि तिच्यामागे भलंमोठं सूर्यबिंब, असा फोटो मला हवा होता. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधीच जाऊन जागा शोधायला लागले. आदल्या दिवशी पाहून ठेवलेली जागा उपयोगाची असतेच असं नाही. सूर्य रोज थोडा सरकून मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तर सर्वांत जास्त.

बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद असतं. फुल फ्रेम सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या ३६ मिलिमीटर रुंद प्रकाशग्राही पट्टीवर) २०० मिलिमीटरच्या लेन्सने ते दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही आणि २४ मिलिमीटरने नुसता ठिपका उमटतो. तेव्हा मी होडीपासून बरीच मागे गेले आणि ४०० मिलिमीटरची लेन्स लावली. फ्रेममध्ये होडी तेवढीच राहिली, तिच्यामागचा सूर्य मात्र मोठा झाला. (लांब लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. स्क्रीन वापरा.)

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सरकण्यात. उजेड मागून येणार म्हणजे होडी काळीच दिसणार, आणि काळ्या आकाराची ओळख त्याच्या कडेवर असते. होडीचं टोक पलीकडच्या झाडीत मिसळत होतं. मी गुडघ्यावर बसले, आणखी खाली वाकले, तेव्हा ते टोक झाडीच्या वर येऊन मोकळ्या आकाशावर उमटलं. सूर्यास्ताच्या फोटोत रंगांपेक्षा ही मोकळी कड मला मोलाची वाटते. रंग आपल्या हातात नसतात, ती असते.

सूर्य फ्रेमबाहेर ठेवून शेजारच्या आकाशावर एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, मोजलं आणि लॉक केलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, डेलाइटवर (दिवसाच्या उजेडावर) ठेवला, कारण ऑटोवर कॅमेरा केशरी रंग दोष समजून फिका करतो. सूर्य स्वतःची रुंदी साधारण दोन मिनिटांत ओलांडतो, त्यामुळे बिंब क्षितिजाला टेकल्यावर जागा बदलायला वेळ उरत नाही. तेवढ्यात मी फक्त बटण दाबत राहिले.

सूर्य बुडाला आणि काठावरची माणसं उठली. मी थांबले, कारण उंचावर विरळ ढग होते आणि पश्चिम क्षितिज स्वच्छ होतं. खाली गेलेल्या सूर्याचा उजेड अशा ढगांना खालून भिडतो. वाटेतल्या जाड हवेत निळा रंग विखुरलेला असतो, म्हणून उरतो तो तांबडा. दाट, खालचे ढग क्षितिजावर असते तर मीही निघाले असते. काही वेळाने ढग पेटले आणि मी लेन्स बदलून रुंद लावली: खाली होडी, वर दोन तृतीयांश आकाश.

उजेड उतरला तसं शटर उघडं राहण्याचा वेळ पाव सेकंदावर आला. ट्रायपॉड होता, पण होडी पाण्यावर डुलत होती. म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवून शटर जलद केलं. त्याने फोटोत येणारा दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेली कड सुधारता येत नाही.