बोलत चालवायची सायकल

नंदुरबारहून निघालो तेव्हा अंधारच होता. 4 जानेवारी, लुई ब्रेलचा जन्मदिवस, तारीख मुद्दाम तीच धरलेली. शिरीषकुमारांच्या स्मारकापाशी हात जोडले, टायर पुन्हा एकदा दाबून पाहिले आणि बारा साध्या सायकली नि चार टँडम रस्त्याला लागल्या. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल करत तिसऱ्या दिवशी रावेर गाठायचं, सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. ओळखीपाळखीच्यांनी किलोमीटरमागे पाच-दहा रुपये कबूल केले होते. त्यातून अंध मुलांच्या एका शाळेला ब्रेल पाट्या, जाड कागद आणि पांढऱ्या काठ्या द्यायच्या होत्या.

टँडम म्हणजे दोन सीटची सायकल. ब्रेक, गिअर, हँडल सगळं पुढच्याकडे. मागच्याकडे फक्त पाय. चेन दोघांना बांधलेली, त्यामुळे एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचाही थांबतो. माझ्या मागे साक्रीकडचा सोळा वर्षांचा मुलगा होता. जन्मांध, पायांत माझ्या दुप्पट जोर आणि जीभ मिरचीसारखी.

मिरचीवरूनच सुरुवात झाली. नंदुरबारच्या बाहेर या दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या असतात, शेतंच्या शेतं लाल. उजाडलं आणि मी रंगात येऊन म्हणालो, "काय दिसतंय रे हे!" त्याच क्षणी गतिरोधक आला. मी सीटवरून थोडा उचललो होतो, तो नव्हता. मागून कळवळून आवाज आला, "काय व्हयनं?" मग खोकला. मग म्हणाला, "सर, मिरची मला कळली. गतिरोधक नाही कळला."

तिथेच थांबून आम्ही शब्द ठरवले. गतिरोधक आला की "आदळ". चढ आला की "दाब". गिअर बदलायचा असला की "सैल", म्हणजे त्याने पायातला जोर काढायचा, नाहीतर चेन उतरते. खड्डा चुकवताना आधी डावं की उजवं ते सांगायचं. देखावा सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

प्रकाशाचा पूल मात्र त्यानेच मला सांगितला. पुलाचे सांधे चाकाखाली ठक-ठक वाजायला लागले, खालून गार हवा आली, तसा म्हणाला, "तापी ना?" तिथे गोमाई येऊन मिळते हे मी सांगितलं. पलीकडे चहा प्यायलो.

पुढे एका गावात सत्कार होता. गावाचं नाव घेत नाही, माणसं प्रेमळच होती. पण चाळीस मिनिटं मुलं उन्हात उभी आणि भाषणात दर दोन वाक्यांना "ही बिचारी लेकरं". शाल, श्रीफळ. माझ्या भिडूने नारळ हातात फिरवून कानाशी हलवला आणि हळूच विचारलं, "हा सायकलला कुठे बांधू? फोडून खाऊ या का?" खाल्ला. शालीचं काय झालं ते विचारू नका.

शिरपूरला मुक्काम, शेवभाजी, झोप. सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी अनेर ओलांडून जळगाव जिल्ह्यात शिरलो. डावीकडे सातपुडा, समोरून वारा. आमच्या दुसऱ्या टँडमवरच्या मुलीला थोडं दिसतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी अशा दोन नोंदी आहेत, लोकांच्या डोक्यात एकच असते. ती म्हणाली, "गतिरोधकावर पांढरे पट्टे असले की मला लांबून कळतं. पण मारलेलेच नसतात." मग मी मोजायला लागलो. त्या दिवशी पट्टे असलेले फारच थोडे निघाले, आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्यालाही ते आयत्या वेळी दिसत होते.

रात्री चोपड्याला मुक्कामावर टक-टक ऐकू आली. पोरगं ब्रेल पाटीवर लिहीत होतं. टोच्याने कागदावर ठिपके उजवीकडून डावीकडे टोचायचे, कारण उठाव मागच्या बाजूला येतो. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा ठिपक्यांत सगळी बाराखडी. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण आरशातल्यासारखं लिहिण्याचा तो वेग पाहिला नव्हता. विचारलं, काय लिहितोस? "न सांगितलेले गतिरोधक." कागद उलटून त्याने बोट फिरवलं. "आज सात. काल अकरा. सुधारताय."

तिसऱ्या दिवशी अडावदच्या पुढे केळी सुरू झाली. वाऱ्याने फाटलेली पानं फडफडतात, तो आवाज उसाचा नाही हे त्याला लगेच कळलं. रस्त्याकडेला कापणी चालली होती. शेतकऱ्याने "या भाऊ" म्हणत एक घड जमिनीवर ठेवला आणि मुलांना हात लावू दिला. माझ्या भिडूने दांड्यापासून खालपर्यंत फण्या मोजल्या, नऊ. मग प्रत्येक फणीतली केळी. मग विचारलं, खालची लहान का? शेतकरी म्हणाला, वरची फणी आधी येते, तिचं पोट आधी भरतं. "आमच्या घरासारखंच," असं म्हणून हा हसला. तो घरात धाकटा.

दुपारी फैजपूर लागलं. आता मला राहवेना. 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाच्या सजावटीला नंदलाल बोस आले होते, असं मी मान वळवून सांगत होतो.

आदळलो.

"बोसांचं कळलं," मागून आवाज आला.

सावद्याला भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली. त्यानंतर पाय चालेनात, तरी संध्याकाळी रावेरला पोहोचलो. परतीला टँडम केळीच्या पिकअपमध्ये आडवी टाकली आणि आम्ही दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. गावाबाहेर पडता पडता गतिरोधकावरून गाडी उडाली. ड्रायव्हर काहीच बोलला नाही. पोराने माझा हात दाबला आणि म्हणाला, "सर, यांना सांगा ना. सांगायचं असतं म्हणून."